साबुदाण्याची वीण

निफाड

चि. ओंकार,
अ. उ. आ.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू काउलची, म्हणजे गळ्यात घालायच्या गोल मफलरची, विणलेली पट्टी दाखवलीस, तेव्हापासून मला हसू आवरत नाहीये. चूक माझीच आहे. "१० नंबरची सुई घे" असं मीच सांगितलं आणि तू तिथल्या दुकानातून १० नंबरचीच आणलीस. अरे, आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची, अमेरिकेतली चक्क ६ मिलिमीटरची! म्हणून तर ते विणकाम कांद्याच्या जाळीदार गोणीसारखं दिसतंय.

उसव ते. उसवायची लाज वाटून घेऊ नकोस, तुझ्या बाबांचा पहिला स्वेटर मी तीनदा उसवला होता.

आता ती बारीक लोकर बाजूला ठेव. जाड लोकर आण, पण मेंढीचीच, अॅक्रिलिक नको. तोंडाच्या वाफेने गळ्याशी ओल येते. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल पिते, तरी अंगाला गार लागत नाही. सोबत ५ मिलिमीटरची, ६० सेंटिमीटर लांबीची गोल सुई घे, दोन टोकं लवचिक दोरीने जोडलेली. डबीवरचा नंबर वाचूच नकोस.

आधी वीतभर तुकडा विणून मोज. १० सेंटिमीटरमध्ये १६ टाके बसले, तर काउलच्या ६० सेंटिमीटर घेराला ९६ लागतील. तू ९७ घाल. संख्या विषम असली की एक सुलट, एक उलट असं न मोजता गोल फिरत राहायचं. पुढच्या फेरीत सुलटावर उलट आपोआप येतो. ९६ घातलेस तर सुलटावर सुलट बसून उभ्या रेघा पडतील, म्हणजे स्वेटरच्या काठाची वीण. आपल्याला हवेत साबुदाण्यासारखे दाणे. त्यांच्यामधल्या खळग्यांत हवा अडकते, ऊब तिचीच. शिवाय कडा वळत नाहीत, आत-बाहेर सारखंच दिसतं.

टाके गोल जोडण्याआधी मात्र सगळा काठ सुईच्या खालच्या बाजूला आहे ना, हे दोनदा बघ. एक पीळ राहिला तर तो शेवटपर्यंत निघत नाही. ताईच्या काउलमध्ये मी तो ठेवला होता आणि "फॅशन आहे" म्हणून खपवला.

२५ सेंटिमीटर उंची झाली की टाके सैल हाताने बंद कर, नाहीतर डोकं आत जायचं नाही. आणि काउल मशीनमध्ये गरम पाण्यात टाकू नकोस, आटून घोंगडीसारखा घट्ट होईल.

इथे पारा ५ वर आलाय. बाबा पहाटे उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. तुझ्या मिनियापोलिसचे उणे २० सांगितले की गप्प होतात. काल म्हणाले, "विकत मिळत नाही का तिकडे?" मी म्हटलं, "मिळतं की."

तुझी आई