मेमरी आतली, जागा बाहेरची

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्युमेंटरी एडिट करायला मॅक मिनीचं, म्हणजे ॲपलच्या त्या छोट्या डेस्कटॉप कम्प्युटरचं, बेस मॉडेल घेऊ, ५१२ जीबीचं घेऊ की त्याच्याही वरचं, असं तू विचारलंस. फोनवर अशा गोष्टी अर्ध्या राहतात, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. दुकानात जाशील तेव्हा हे जवळ ठेव.

आधी भाव. एम४ चिपचा हा छोटा मिनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, तेव्हा १६ जीबी मेमरी (रॅम) आणि २५६ जीबी स्टोरेजचं (फाइलींच्या जागेचं) बेस मॉडेल ५९,९०० रुपयांना होतं. विद्यार्थ्यांसाठी तेच ४९,९०० ला. १६ आणि ५१२ वालं ७९,९०० ला, २४ आणि ५१२ वालं ९९,९०० ला. म्हणजे प्रत्येक पायरीला वीस हजार. चालू भाव तू बघशीलच, पण पायऱ्यांची ही रचना लक्षात घे, कारण खरा प्रश्न वीस हजार कुठे घालायचे हा आहे. चिप तिन्हींत तीच, दहा कोअरचा सीपीयू आणि दहा कोअरचा जीपीयू (चित्राचं काम करणारा भाग). वरचं मॉडेल घेतलंस म्हणून एडिटिंगचा वेग आपोआप वाढत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते: स्टोरेजसाठी वीस हजार देऊ नकोस. जागा बाहेरून कधीही जोडता येते. मेमरी चिपच्याच पॅकेजमध्ये बसवलेली असते, ती नंतर कुणीही वाढवून देऊ शकत नाही. तेव्हा जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ते मेमरीसाठी दे, आणि तेही गरज खरोखर दिसली तरच.

"२५६ मध्ये माझी एक डॉक्युमेंटरीसुद्धा मावणार नाही," असं तू म्हणतेस. बरोबर आहे. पण ५१२ मध्ये मावेल का, ते बघू. फोनवर ४के, ३० फ्रेम, हाय एफिशियन्सी असं शूट केलंस तर मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात, म्हणजे तासाला दहा जीबीच्या वर. सहा तासांचं फुटेज झालं ६१ जीबी. ६० फ्रेमला मिनिटाला ४०० एमबी, म्हणजे तेच सहा तास १४४ जीबी. इथवर ठीक. खरी जागा खातात त्या रिझॉल्व्हने, म्हणजे तुझ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने, मागच्या मागे तयार केलेल्या फाइली. रेंडर कॅश (चित्र अडखळू नये म्हणून आधीच तयार करून ठेवलेला व्हिडिओ) प्रोरेस ४२२ एचक्यू या जड फॉरमॅटमध्ये असेल, तर ४के ३० फ्रेमला तासाला जवळजवळ ४०० जीबी होतात. वीस मिनिटांच्या टाइमलाइनची नुसती कॅश १३० जीबीच्या घरात जाते. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, केल्यास तर त्या वेगळ्या. १०८० च्या प्रोरेस प्रॉक्सी तासाला वीसेक जीबी, सहा तासांच्या १२०. म्हणजे मूळ फुटेजच्या दुप्पट! (एम४ वर फोनचं ४के फुटेज प्रॉक्सीशिवाय नीट चालतं, त्यामुळे सवयीने प्रॉक्सी करत बसू नकोस.)

आता या सगळ्याची बेरीज कर. ५१२ ची डिस्क मॅकवर ४९४ जीबी दिसते, २५६ ची २४५. त्यातून सिस्टिम, सॉफ्टवेअर, फोनचा बॅकअप आणि मॅकओएसची नवी आवृत्ती उतरवून बसवायला लागणारी पंचवीस-तीस जीबी मोकळी जागा वजा कर. दुसऱ्या डॉक्युमेंटरीला ५१२ सुद्धा तुडुंब भरेल आणि बाहेरची डिस्क घ्यावीच लागेल. मग ती पहिल्याच दिवशी घे. वीस हजारांपेक्षा कमी पैशांत १ टीबीची चांगली बाहेरची एसएसडी (वेगवान डिस्क) येते.

बाहेरची डिस्क हळू चालेल असं तुला कुणीतरी सांगितलंय. त्याचाही हिशेब करून बघ. ४के ३० ची फोनची क्लिप सेकंदाला तीन एमबीसुद्धा मागत नाही. अगदी प्रोरेस एचक्यू घेतलं तरी सेकंदाला ११० एमबी. १० गिगाबिटची एसएसडी सेकंदाला हजार एमबीच्या आसपास देते. मग घोडं अडतं कुठे? केबलमध्ये. यूएसबी-सीची सगळी टोकं दिसायला सारखी, पण फोनच्या चार्जरसोबत येते ती केबल बहुतेक वेळा ४८० मेगाबिटचीच असते. तिच्यातून सेकंदाला चाळीसेक एमबी जातात आणि कॅश चालवताना चित्र अडखळतं. मग मुलं एसएसडी बदलून आणतात, मिनीला नावं ठेवतात, आणि केबल तीच राहते. एसएसडीच्या डब्यातलीच केबल वापर, तिला रंगीत चिकटपट्टी लाव आणि ती फोनला लावू नकोस. खात्री करायची असेल तर ऑप्शन की दाबून धरून ॲपल मेनू उघड, सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीवर जा आणि डिस्कच्या नावावर क्लिक कर. तिथे वेग लिहिलेला असतो. १० गिगाबिट दिसलं तर ठीक, ४८० मेगाबिट दिसलं तर केबल बदल.

दुकानदार २० गिगाबिटची एसएसडी पुढे करेल. ती घेऊ नकोस. त्या प्रकारचा २० गिगाबिट यूएसबी हा मॅक चालवत नाही, ती डिस्कही १० वरच चालेल. थंडरबोल्टची (यूएसबी-सीसारखंच दिसणारं, पण जास्त वेगाचं पोर्ट) केस आणि आत एनव्हीएमई प्रकारची एसएसडी टाकून सेकंदाला तीन हजार एमबीपर्यंत जाता येतं, पण तुझ्या कामाला त्याची गरज नाही.

डिस्क आणल्यावर ती बहुधा एक्सफॅट या विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये असेल. फुटेज टाकण्याआधीच बदल, नंतर सगळं पुसावं लागेल. डिस्क युटिलिटी उघड, व्ह्यूमध्ये शो ऑल डिव्हायसेस निवड. हे केलं नाहीस तर डावीकडे फक्त आतला भाग दिसतो, मूळ डिस्क दिसतच नाही, आणि पार्टिशनची स्कीम बदलायचा पर्यायही येत नाही. सगळ्यात वरचं नाव निवड, इरेज, फॉरमॅट एपीएफएस (मॅकचा स्वतःचा), स्कीम गुइड पार्टिशन मॅप. कॉलेजच्या विंडोज मशीनवर न्यायच्या फाइलींसाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेव, त्यावर एक्सफॅट राहू दे. फोटोंची लायब्ररी तर एक्सफॅटवर चालतच नाही.

मग रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जच्या मास्टर सेटिंग्जमध्ये वर्किंग फोल्डर्स आहेत, तिथे कॅशची जागा बाहेरच्या डिस्कवर ने. हे राहिलं तर फुटेज बाहेर आणि कॅश आतल्या २५६ वर, आणि पंधरा दिवसांत "डिस्क फुल". प्रोजेक्ट संपला की प्लेबॅक मेनूतून रेंडर कॅश पुसून टाक. होम फोल्डर मात्र बाहेर हलवू नकोस, कितीही व्हिडिओंत सांगितलं असलं तरी. डिस्क एकदा सुटली की लॉगिनचीच पंचाईत होते. फुटेज, कॅश आणि फोटो बाहेर, बाकी सगळं आत, एवढी वाटणी पुरते.

टाइम मशीनसाठी, म्हणजे मॅकच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपसाठी, आणखी एक साधी हार्ड डिस्क लागेल. आणि इथे बरेच जण फसतात: टाइम मशीन बाहेरच्या डिस्का आपणहून वगळतं. सेटिंगमध्ये जाऊन वगळलेल्यांच्या यादीतून तुझी एसएसडी काढावी लागते. नाहीतर बॅकअप रोज होतोय असं दिसत राहील आणि फुटेज मात्र त्यात नसेल.

आता मेमरी. ही मेमरी सीपीयू आणि जीपीयू दोघांची मिळून एकच असते, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्यामुळे १६ जीबीतच मॅकओएस, ब्राउझर, रिझॉल्व्ह आणि चित्राचं सगळं काम. साधे कट, रंगकाम, दोन-तीन ट्रॅक, मराठी सबटायटल यांना १६ पुरते. रिझॉल्व्हच्या फ्युजन विभागात हलती अक्षरं, एकावर एक थर, नॉइज रिडक्शन असं सुरू झालं की जीपीयूची मेमरी भरल्याची सूचना येते, किंवा सूचनाही न येता सगळं रेंगाळतं. सोबत आफ्टर इफेक्ट्स (ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) उघडं ठेवायची सवय असेल तर २४ चा विचार कर.

अंदाजावर जाऊ नकोस, मोजून बघ. कॉलेजच्या लॅबमध्ये १६ जीबीचा मॅक आहे म्हणालीस, त्यावर तुझा सगळ्यात जड प्रोजेक्ट उघड. ॲक्टिव्हिटी मॉनिटर सुरू कर, मेमरीच्या टॅबवर जा. खाली मेमरी प्रेशरचा आलेख असतो, त्याच्या शेजारी स्वॅप यूज्ड (मेमरी कमी पडली म्हणून डिस्कवर टाकलेला भाग). अर्धा तास नेहमीसारखं काम कर, ब्राउझर आणि व्हॉट्सॲपसुद्धा उघडं ठेव, आणि मग बघ. "मेमरी यूज्ड" १६ पैकी १४ दिसली म्हणून घाबरू नकोस, मॅक मोकळी मेमरी वाया जाऊ देत नाही. आलेख हिरवा आणि स्वॅप एक-दीड जीबीपर्यंत असेल तर १६ पुरेशी आहे. आलेख पिवळ्यावरून खालीच येत नसेल आणि स्वॅप चार-पाच जीबी चढला असेल, तर २४ घे.

२४ घ्यायची ठरली तरी ९९,९०० वालं घ्यायलाच हवं असं नाही. ॲपलकडे ऑर्डर देऊन बेस मॉडेलमध्येच फक्त मेमरी २४ करून घेता येत होती, स्टोरेज २५६ च ठेवून. म्हणजे एकच पायरी, वीस हजार. शेल्फवर ते सहसा नसतं, दोन-तीन आठवडे थांबावं लागू शकतं, आणि दुकानांतल्या बँक ऑफर सहसा तयार मॉडेलांवरच असतात. कोरेगाव पार्कच्या ॲपल स्टोअरमध्ये जाऊन नीट विचार, आणि विद्यार्थ्यांच्या भावासाठी कॉलेजचं ओळखपत्र सोबत ने.

एम४ प्रो या वरच्या चिपच्या मिनीचा विचार सोड. व्हिडिओ वाचणारं आणि लिहिणारं जे मीडिया इंजिन असतं ते एम४ मध्ये एक आणि एम४ प्रोमध्येही एकच, त्यामुळे तुझ्या साध्या एक्स्पोर्टला फारसा फरक पडणार नाही. आतली एसएसडी बदलून देतो म्हणणारेही भेटतील. ती निघते हे खरं, पण ती नेहमीची एनव्हीएमई नाही, आणि बदलल्यावर दुसरा मॅक जोडून सगळं नव्याने बसवावं लागतं. वॉरंटी असेपर्यंत त्या वाटेला जाऊ नकोस.

वाचलेले पैसे मॉनिटरवर घाल. डब्यात मिनी आणि पॉवर केबल एवढंच येतं, कीबोर्ड, माउस, स्क्रीन काही नाही. २७ इंची घेणार असशील तर ४केच घे. त्या आकारात १४४० चा (४केपेक्षा कमी बारकाव्याचा) पडदा मॅकवर अक्षरं खडबडीत दाखवतो, आणि देवनागरीत मात्रा-अनुस्वार बारीक असल्यामुळे ते जास्त खुपतं. सबटायटल तपासताना रफार सुटला तर लक्षातही येणार नाही.

जुनं यूएसबीचं पोर्ट मिनीला एकही नाही, कॅमेऱ्याच्या कार्डची खाचही नाही. पुढे दोन यूएसबी-सी, मागे तीन थंडरबोल्ट. एसएसडी मागे लाव, म्हणजे चुकून हात लागून निघणार नाही. पुढे कार्ड रीडर. पॉवरचं बटण खाली, मागच्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे मिनी कोनाड्यात घट्ट बसवू नकोस, बोटाला जागा ठेव.

एक गोष्ट तुझ्या यादीत नव्हती, ती मी घालते आहे: यूपीएस. लॅपटॉपला बॅटरी असते, याला नाही. तुझ्या खोलीत गुरुवारी वीज जाते. त्या क्षणी मिनी बंद होईल आणि त्याच्यावर चालणाऱ्या एसएसडीचा संबंध लिहिता लिहिता तुटेल. मिनी नुसता चालू असताना चारेक वॅट घेतो, पूर्ण जोरावर ६५ च्या आसपास. त्यामुळे साधा ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. मॉनिटरही त्याच्यावरच लाव, अंधारात सेव्ह कसं करशील?

लॅबमध्ये जाशील तेव्हा दोन गोष्टी मला पाठव: अर्ध्या तासानंतरचा स्वॅपचा आकडा आणि आलेखाचा फोटो. त्यावर १६ की २४ ते ठरवू, आणि बाबा त्याच दिवशी पैसे पाठवतील. एसएसडीची केबल विसरू नकोस.

तुझी,
आई