द्राक्षबागेतल्या खांद्यांसाठी ताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये योग आणि व्यायामाचे वर्ग घेणाऱ्या आम्ही काही जणी हे लिहीत आहोत. द्राक्षबागेत राबणाऱ्या बायकांचं दुखणं कसं पाहायचं, कुठे हात लावायचा आणि कुठे मुळीच लावायचा नाही, हे तुम्ही शिकवलंत. आभार जाहीर मानतोय, कारण दिंडोरी-निफाडकडच्या कुणालाही यातलं वापरता यावं.

ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) सुरू झालं की तासन्‌तास हात वर आणि मान मागे. दुखतो खांदा, म्हणून सगळे खांदाच रगडतात. तुम्ही आधी पाठ बघायला लावलीत. हात १८० अंश वर जातो तेव्हा साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात, उरलेले ६० खवाटा, म्हणजे पाठीवरचं खांद्याचं पातं, फिरल्यामुळे. पाठीचा वरचा भाग आखडला की खवाटा कमी फिरतो, सगळा भार सांध्यावर येतो आणि खांद्याच्या टोकाच्या हाडाखालची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, चिडते. तिथेच अंगठा रुतवला तर ती आणखी चिडणार, दुसरं काय?

म्हणून पहिलं काम टॉवेलचं. आठेक सेंटीमीटर जाडीची गुंडाळी, आडवी, खवाट्यांच्या खालच्या टोकांशी. गुडघे दुमडून उताणं पडायचं, हनुवटी वर जात असेल तर डोक्याखाली उशी. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, दोन-तीन मिनिटं. गुंडाळी हमखास घसरून कमरेखाली येते; मग पाठ मोकळी व्हायच्या ऐवजी कंबर धरते.

त्यानंतर छाती. गळपट्टीच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाखाली बोटांची सपाट बाजू ठेवून ६० ते ९० सेकंद दाब. दुखणं दहापैकी चारच्या वर जाऊ द्यायचं नाही. हाताला मुंग्या आल्या तर लगेच सोडायचं, कारण हाताकडे जाणाऱ्या नसा तिथूनच जातात. तेल सगळ्यात शेवटी, एक चमचा तिळाचं पुरे; आधी लावलं की हात नुसता घसरतो, पकड येत नाही. (मालिशने अंगातली विषं निघतात असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, याचे वेगळे आभार!)

मग भिंत. दोन्ही कोपरापासूनचे हात भिंतीला टेकवून, श्वास सोडत हळू वर सरकवायचे, आठ वेळा. खांदे कानांकडे चढले किंवा बरगड्या पुढे आल्या की तिथेच थांबायचं. कमी जोर लावला की शरीराला फरक कळतो, हे मोशे फेल्डेनक्राइस यांच्या, हळू हालचालींतून शरीर ओळखायला शिकवणाऱ्या पद्धतीचं सूत्र तुम्ही त्यांचं नावही न घेता बायकांच्या गळी उतरवलंत.

बागेत मात्र व्यायामापेक्षा स्टूल जास्त कामाचं. कोपर खांद्याच्या खाली राहील एवढी उंची हवी, आणि दर वीसेक मिनिटांनी हात मिनिटभर खाली. मुकादमाला हे पटवणं सगळ्यात अवघड. तेही तुम्हीच केलंत.

हात कुठे लावायचा नाही, ती यादी आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल तर मालिश नाही, थेट डॉक्टर; आत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोल दाब नाही. मधुमेहाने पाय बधिर असतील तर गरम पाण्याची पिशवी नाही, भाजलेलं कळत नाही. डाव्या हातात कळ, छातीत दडपण आणि घाम असेल तर खांद्याकडे बघायचंसुद्धा नाही, तडक दवाखाना. आणि कोपर कुशीला लावून हात बाहेर वळवताना, दुसऱ्याने वळवूनही तो अडत असेल, तर खांदा गोठल्याचा (फ्रोझन शोल्डर) संशय घ्यायचा. मधुमेहींत हे जास्त दिसतं. तो ओढून सुटत नाही. ओढला तर रात्रभर ठणकतो.

एप्रिलच्या खरड छाटणीआधी मनगट आणि कात्रीच्या पकडीचं राहिलेलं शिकवायला या. स्टुलांची उंची मोजून ठेवतो.

आपल्या,
नाशिकच्या वर्गशिक्षिका