छातीतले दुखणे आणि घरचे निदान

महोदय,

छातीत दुखू लागले की आपल्याकडे पहिले निदान घरातच होते आणि ते बहुधा ‘गॅस’ किंवा ‘पित्त’ असते. ओवा चावून किंवा सोडा पिऊन बरे वाटले की त्यावर शिक्कामोर्तब होते. तालुक्याच्या गावी अनेक वर्षे दवाखाना चालवलेला डॉक्टर म्हणून मला कळकळीने सांगावेसे वाटते की, सोड्याने आराम पडला म्हणजे हृदय सुरक्षित आहे, असे मुळीच नाही. हृदयाचे दुखणे काही वेळा आपोआप ओसरते, आणि उलट हृदयाच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीने अन्ननलिकेचे दुखणेही थांबू शकते. त्यामुळे कशाने थांबले यावरून कारण ठरवणे धोक्याचे आहे.

दुखते कसे, हे मात्र नीट विचारले पाहिजे. चढण चढताना किंवा जेवून भरभर चालताना छातीच्या मध्यभागी दडपण येते, ते जबड्याकडे किंवा हाताकडे सरकते आणि थांबले की काही मिनिटांत निवते, तो अंजायना, म्हणजे हृदयाला रक्तपुरवठा कमी पडल्याने होणारे दुखणे. इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये लंडनच्या डॉक्टरांपुढे केलेले त्याचे वर्णन आजही रुग्णांच्या तोंडून जवळजवळ तसेच ऐकू येते. हेच दडपण बसल्या जागी येऊ लागले, वरचेवर येऊ लागले किंवा घाम फुटून टिकून राहिले, तर एक क्षणही दवडू नये. हृदयावरणाला सूज असेल तर आडवे झाल्यावर दुखणे वाढते आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होते. एकाएकी पाठीपर्यंत चिरत जाणारी असह्य कळ महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फाटल्याची असू शकते. शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अचानक दम लागून छातीत टोचू लागले, तर फुप्फुसात गुठळी गेल्याची शंका घ्यावी. उसण भरली असेल तर दाबल्यावर दुखते, हे खरे, पण पन्नाशीच्या मधुमेही माणसाबाबत तेवढ्यावर विसंबू नये.

अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२१ मध्ये छातीच्या दुखण्याचे हृदयाचे, कदाचित हृदयाचे आणि हृदयाचे नसलेले असे तीन गट करण्याची शिफारस केली. मधला गट मला फार मोलाचा वाटतो, कारण स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांना दम, मळमळ, विलक्षण थकवा अशी लक्षणे अधिक जाणवतात आणि ‘अशक्तपणा असेल’ म्हणून त्यांची बोळवण केली जाते.

रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, आणि तो पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी संशय असल्यास तो पुन्हा काढून रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन) तपासायला हवे. आपल्या वृत्तपत्राने, जिल्ह्यातील किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत रात्रीच्या वेळी ईसीजी काढणारी व्यक्ती हजर असते, याची माहिती मागवून ती गावांच्या नावांसह छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त डॉक्टर, जि. सांगली