करमणुकीच्या कादंबऱ्यांनाही चौकट द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतलं पुस्तकांचं पान मी नेमाने वाचते. परीक्षणं चांगलीच असतात, पण ती बहुतेक वैचारिक ग्रंथांची, चरित्रांची, नाहीतर पुरस्कार मिळालेल्या कादंबऱ्यांची. दुपारची कामं आवरल्यावर पंख्याखाली लोळत वाचायला काय घ्यावं, हे काही त्यात सापडत नाही. त्याच पानावर एक छोटी चौकट वाचकांना द्या, एवढीच विनंती आहे. रहस्य, भय, प्रेम, विनोद, जे निव्वळ करमणुकीचं आहे ते एकाने वाचावं आणि दुसऱ्याला सांगावं.

तोंडी हे नाशिकमध्ये चालूच असतं. संध्याकाळी कुठल्याही वाचनालयाच्या काउंटरपाशी जरा रेंगाळा. "हे घेऊन जा, पहिल्याच प्रकरणात खून आहे." "रडारड नको हो, घरात काय कमी आहे?" "टाइप बारीक नाही ना?" परीक्षणात हे कुणी लिहीत नाही, आणि आम्हाला तर नेमकं हेच हवं असतं. पुस्तकांच्या आतही शिफारशी सापडतात. कुणी आपल्या ठरलेल्या पानावर पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवतं, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी जायला नको. शेवटच्या कोऱ्या पानावर 'मस्त', 'शेवट गुंडाळला', 'हिचं दुसरं मिळवा' असे शेरे असतात. (वाचनालयाच्या पुस्तकांवर लिहू नये हे मान्य, पण मी आधी ते शेरेच बघते.) एका महाभागाने तर रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. त्याला काय शिक्षा द्यावी, हे अजून ठरत नाही.

आपल्याकडे या लेखनाला कमी लेखायची जुनी खोड आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांच्या नादाने कितीतरी घरांत वाचनाची सवय लागली, तरी ती पुस्तकं अभ्यासाच्या वहीखाली लपवूनच वाचायची. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. न्यायालयाने सोडलं, पण घरातल्या मोठ्यांनी नाही सोडलं!

आता लपवायचं कारण उरलेलं नाही, पण सांगणारं कुणी नाही. २०१३ मध्ये 'दुनियादारी' चित्रपट आला, तेव्हा सुहास शिरवळकरांची मूळ कादंबरी शोधत कॉलेजची मुलं वाचनालयात येताना मी पाहिली. त्यांना तिथेच कुणी शिरवळकरांच्याच दारा बुलंद किंवा फिरोज इराणी या नायकांच्या कथा हातात ठेवल्या असत्या, तर ती पुन्हा आली असती. सिनेमा फार तर एका पुस्तकापर्यंत आणून सोडतो. आमच्या भागातल्या एका वाचनालयाने मध्यंतरी जुन्या रहस्यकथांचे गठ्ठे 'मागणी नाही' म्हणून रद्दीत काढले. मागणी येणार कुठून? नवीन सभासदांना ही नावंच ठाऊक नाहीत.

खरं तर हे आपल्या गावाला अवघड नाही. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. वाचकांच्या गटांना पुस्तकांच्या पेट्या पोचवणारा कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रमही इथूनच सुरू झाला आणि त्याच्या ग्रंथपेट्या पार परदेशात गेल्या. आमच्या मैत्रिणींच्या गटात पेटी उघडली की कुठल्या पुस्तकांवर आधी झडप पडते, हे मी सांगायला नको.

चौकटीला नियम मात्र कडक हवेत. चार ओळींच्या वर कुणी लिहू नये. 'अप्रतिम', 'अविस्मरणीय' हे शब्द बाद. शेवट फोडणाऱ्याचं नाव कायमचं काळ्या यादीत. पुस्तक हल्ली दुकानात मिळतं की वाचनालयातच शोधावं लागतं, हे लिहायलाच हवं, नाहीतर वाचून नुसती हळहळ.

नमुना म्हणून माझ्या चार ओळी देते. नारायण धारपांच्या समर्थांच्या गोष्टी. दुष्ट शक्तींशी लढणारे समर्थ शेवटी जिंकणार हे माहीत असतं, तरी मधली पानं सोडवत नाहीत. भाषा साधी, घरं आणि माणसं ओळखीची, म्हणून भीती जास्त वाटते. लाइट गेलेल्या रात्री वाचू नये.

आणि उलट माझीही एक मागणी आहे. महिन्यातून एखाद्या वेळी मी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने दादरला लेकीकडे जाते. विनोदी कथासंग्रह भरपूर वाचून झालेत, तेव्हा आता कुणीतरी एखादी अख्खी विनोदी कादंबरी सुचवा. कसाऱ्याच्या आत संपली तरी चालेल.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक