सूचना : जुनं वॉशिंग मशीन किंवा ड्रायर पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी

शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेलं हूव्हर किंवा हॉटपॉइंट कंपनीचं मशीन घरी आणलं की लगेच प्लग लावू नये.

आधी वायर पाहा. साधारण 1970 पूर्वीच्या ब्रिटिश मशीनमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. नंतर तपकिरी, निळी, हिरवी-पिवळी. रबरी आवरण तडकलेलं असेल तर केबलच बदला, टेप गुंडाळून भागवू नका.

हीटर 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं उपकरण) तपासा. 1 मेगाओहमपेक्षा कमी आलं म्हणून तो लगेच भंगारात टाकू नका. आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतला ओलावा शोषते. रबरी सील काढून हीटर ओव्हनमध्ये 120 अंशांवर तीन-चार तास ठेवा, गार झाल्यावर पुन्हा मोजा. बहुतेकदा सुधारतो.

जुना कागदी सप्रेसर कपॅसिटर (रेडिओतली खरखर रोखणारा) मात्र धडधाकट दिसला तरी काढाच. चिरांतून ओलावा शिरला की तो धूर ओकतो. नवा मूळ मूल्याचाच, फेज-न्यूट्रलमध्ये एक्स-2, अर्थकडे जाणारा वाय-2 (हे कपॅसिटरचे सुरक्षा-वर्ग).

ड्रायरवाल्यांनो, हीटरभोवती करडा बोर्ड किंवा दोरी दिसल्यास ॲस्बेस्टॉस समजा (त्याची धूळ श्वासातून गेल्यास घातक). खरवडू नका, ब्रशने झाडू नका.

पहिली चाचणी 30 मिलिअँपच्या आरसीडीवर (गळती होताच वीज तोडणारा स्विच), हीटरच्या तारा सोडवून.