सोनखत म्हणून शेतात आलेल्या गाळाबद्दल पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी भीमा खोऱ्यातला शेतकरी. शिक्षण बी.एस्सी. कृषी, जमीन चार एकर. त्यात ऊस आणि एकरभर भाजीपाला. तीन वर्षांपूर्वी एका शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून मी पाच ट्रॉली खत आणलं. ‘गाळ कुजवून केलंय, वास येत नाही, फक्त वाहतुकीचं भाडं द्या,’ असं सांगितलं होतं. गोठ्यात आता एकच गाय उरली आहे आणि विकतचं शेणखत परवडत नाही, म्हणून आणलं. दिसायला काळंभोर, भुसभुशीत होतं. अर्धं मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांत मिसळलं, उरलेल्याचा बांधावर ढीग घातला.

मृगाचा पाऊस झाला आणि आठ-दहा दिवसांत त्या वाफ्यांत टोमॅटोची रोपं उगवून आली. इतकी दाट, की कुणी मुद्दाम बी फोकलं असावं. त्या तुकड्यात मी आजवर कधी टोमॅटो लावलेला नाही. घरचे म्हणाले, बरं झालं, रोपं फुकट मिळाली. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

साहेब, टोमॅटोचं बी माणसाच्या पोटात पचत नाही. ते मैल्याबरोबर गटारात जातं, गटारातून केंद्रात आणि तिथून गाळात. कुजताना ढीग आतून नीट तापला तर ते मरतं. म्हणजे माझ्या शेतात आलेला ढीग तापलाच नव्हता. मग त्यातली जंताची अंडी मेली असतील, असं कशाच्या भरवशावर म्हणायचं? त्याच वाफ्यांत निंदायला बायका आल्या होत्या. हातात खुरपं, पाय अनवाणी. एकीचं दोन वर्षांचं लेकरू बांधावर बसून तीच माती तोंडात घालत होतं. मी उभ्या मेथीवर रोटाव्हेटर फिरवला, एक जुडीही बाजारात नेली नाही. पण ट्रॉल्या एकट्या माझ्याच रानात रिकाम्या झालेल्या नाहीत.

गाळ शेतात येऊच नये, असं मी म्हणत नाही. आमच्या आज्याच्या काळी मैल्याच्या खताला सोनखत म्हणायचे आणि ते नाव उगाच पडलेलं नव्हतं. नत्र, स्फुरद, सेंद्रिय कर्ब सगळंच त्यात असतं, आणि आमच्या जमिनींना कर्बाची किती भूक आहे हे कृषी खात्याला माहीत आहे. पण त्या सोनखतात माणसाचा मैला, राख आणि पालापाचोळा असायचा. आजच्या शहराच्या गटारात गल्लीबोळातल्या मुलाम्याच्या कारखान्यांचं क्रोमियम-निकेल, गॅरेजचं ऑइल, दवाखान्यांतली प्रतिजैविकं, धुण्याची रसायनं, सगळं एकत्र येतं. केंद्राचं काम पाणी स्वच्छ करण्याचं. पाण्यातून जे निघतं त्यातलं बरंचसं गाळात जाऊन बसतं. पाणी जितकं चांगलं शुद्ध होईल, तितका गाळावरचा बोजा वाढतो.

कुजवण्याने यातलं काय जातं आणि काय राहतं, हे नीट सांगितलं जात नाही. जंतू आणि जंताची अंडी उष्णतेने मरतात, पण ती उष्णता पुरेसे दिवस टिकावी लागते. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांत लांबट ढीग घालून कुजवायचं असेल तर ५५ अंश किंवा त्याहून जास्त तापमान १५ दिवस आणि त्या काळात ढिगाला किमान पाच पलट्या, अशी अट आहे. पलटी यासाठी, की बाहेरची थंड साल आत जावी. पावसाळ्यात उघड्यावरच्या ओल्या ढिगात हे कसं साधणार? माझ्या ट्रॉल्या भरताना मी तिथे तापमानाची वही मागितली होती. तशी वही कुणी ठेवत नव्हतं.

धातूंचं गणित तर उलटंच आहे. शंभर किलो कोरडा गाळ कुजवताना त्यातला चाळीस किलो सेंद्रिय भाग हवेत गेला, तर साठ किलो खत उरतं. शिसं, कॅडमियम यांतला कणही उडून जात नाही. जे शंभर किलोत होतं ते आता साठ किलोत, म्हणजे किलोमागे प्रमाण वाढलं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर अहमदाबादेत रोज १०० टन कोरड्या गाळावर गॅमा किरणांचा मारा करणारं केंद्र उभं राहिलं आहे. रोगजंतूंसाठी हा उपाय उत्तम आहे आणि आपल्याकडेही यावा असं मला मनापासून वाटतं. पण धातूंवर किरणांचा काही परिणाम होत नाही.

आमच्या काळ्या चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) आठाच्या आसपास असतो. अशी जमीन कॅडमियमसारखे धातू बऱ्यापैकी धरून ठेवते, पिकात सहज सोडत नाही. हाच गाळ कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत टाकला तर धातू मोकळे होतात आणि पालेभाजीत, भातात चढतात. म्हणून सगळ्या राज्याला एकच मात्रा लावून चालणार नाही. भातातून रोज थोडं थोडं कॅडमियम पोटात गेलं की काय होतं, हे जपानमधल्या तोयामा भागाने भोगलं आहे. खाणीच्या पाण्यावर पिकलेल्या भाताने तिथल्या बायकांची मूत्रपिंडं आणि हाडं निकामी झाली. तो रोग प्रदूषणाचाच आहे, हे तिथल्या सरकारने १९६८ साली मान्य केलं. तिथलं प्रदूषण गाळापेक्षा कितीतरी जास्त होतं, तुलना मी ताणत नाही. पण कॅडमियम शरीरात साठतं आणि वर्षानुवर्षं बाहेर पडत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

बाहेरचे देश यातून गेले आहेत. स्वित्झर्लंडने शेतात गाळ टाकणं बंद केलं. अमेरिकेतल्या मेन राज्यात गाळातून आलेली, सहजासहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं गायीच्या दुधापर्यंत पोचली. २०२२ साली त्या राज्याने गाळ आणि गाळापासून केलेलं कंपोस्ट, दोन्ही शेतात टाकायला बंदी घातली. दूध दूषित झालेल्या गोठेवाल्यांचं नुकसान मात्र होऊन गेलं होतं.

आपल्याकडे पोत्यात भरून ‘शहरी कंपोस्ट’ म्हणून विकायचं तर खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. त्यात किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १०० मिलिग्रॅम, क्रोमियम ५० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत, आणि रोगजंतू अजिबात नकोत अशी अट आहे. माझ्या उघड्या ट्रॉलीला यातलं काहीच कुणी विचारलं नाही. मी जमीन आरोग्य पत्रिका काढून आणली. त्यावर बारा बाबी आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि कर्ब. शिसं आणि कॅडमियमचा रकानाच नाही. म्हणजे माझी जमीन बिघडली असेल तरी सरकारी कागदावर ती निरोगीच दिसणार.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे आपल्या राज्यातल्या शहरांतून रोज सुमारे ९,१०० दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं आणि शुद्धीकरणाची क्षमता ६,८९० दशलक्ष लिटरची आहे. ही दरी भरायलाच हवी, नद्यांची अवस्था आम्ही काठावरचे लोक रोज पाहतो. पण जितकी केंद्रं वाढतील तितका गाळ वाढेल, आणि तो जाणार कुठे हे आत्ताच ठरलं नाही तर तो ट्रॉलीत भरून आमच्याकडेच येणार.

प्रत्येक केंद्राला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. त्यातच अट घाला, की गाळाच्या प्रत्येक खेपेसोबत ढिगाच्या तापमानाची नोंद आणि धातू व जंताच्या अंड्यांचा तपासणी अहवाल शेतकऱ्याच्या हातात दिल्याशिवाय ट्रॉली फाटकाबाहेर पडणार नाही. कुठल्या गट नंबरच्या जमिनीत किती टन टाकला, हे तलाठ्याच्या दप्तरी लिहून ठेवा. अशा गटांची माती दर दोन-तीन वर्षांनी शिसं-कॅडमियमसाठी तपासा, तीही शेतकऱ्याच्या पैशाने नको. पालेभाज्या आणि मुळा-गाजरासारख्या पिकांना हे खत सरसकट बंद करा. तोवर बांबूची लागवड, वनीकरण, रस्त्याकडेची झाडं यांना ते घालता येईल. आणि गल्लीतल्या मुलाम्याच्या कारखान्यांचं पाणी घरगुती गटारात सोडणं थांबवा. सगळ्यात अवघड काम हेच आहे हे मला कळतं. पण ते झाल्याशिवाय बाकीची तपासणी म्हणजे बादलीचं भोक न बुजवता पाणी भरत राहणं.

दरवर्षी शाळा-अंगणवाड्यांत जंतनाशक गोळ्या वाटल्या जातात. आमच्या गावातही वाटल्या. बांधावर माती खाणाऱ्या त्या लेकरालाही गोळी मिळाली, मी स्वतः अंगणवाडी ताईंना विचारून खात्री केली.

माझ्या बांधावर त्या खताचा सुमारे दीड ट्रॉली ढीग अजून आहे, विहिरीपासून लांब, ताडपत्रीखाली झाकलेला. तीन वर्षांत मी तो हलवलेला नाही. आपल्या खात्याचा माणूस नमुना घ्यायला येणार असेल तर निरोप द्यावा, मी घरीच असतो. ढिगाचाही नमुना घ्यावा आणि शेजारच्या वाफ्यातल्या मातीचाही. अहवाल काहीही आला तरी तो मला लेखी हवा आहे.

आपला,
भीमा खोऱ्यातला एक भाजीपाला उत्पादक शेतकरी