बी विंगच्या तळमजल्यावरच्या काकूंना, पोरांच्या ग्राउंडसाठी थँक्यू

काकू, समोरासमोर तुम्ही मला बोलूच देत नाही, "अगं त्यात काय एवढं" म्हणून चहा टाकायला आत निघून जाता, म्हणून आता इथे सगळ्यांसमोरच लिहितेय.

मुलुंड काय नि ठाणं काय, बऱ्याच सोसायट्यांमध्ये "येथे खेळण्यास मनाई आहे" ही पाटी दिसतेच, आपल्याकडेही होती. मागच्या जागेतली घसरगुंडी गंजली म्हणून काढली, मग पेव्हर ब्लॉक बसवले, मग "चार दिवसांसाठी" म्हणून दोन गाड्या लागल्या आणि बघता बघता सात गाड्या झाल्या, बाइका वेगळ्याच. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. शाळेतनं आला की सोफा आणि मोबाइल. खाली सोडायचं म्हटलं तर सोडणार कुठे, रोडवर? रोज संध्याकाळी त्याच्यावर ओरडायचे आणि रात्री तो झोपला की मलाच रडू यायचं.

मग एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक मीटिंगला, तिथेच स्टॅक पार्किंगचा, म्हणजे गाड्या एकावर एक लावायचा, विषय आला. खरं सांगते काकू, मीपण हो म्हणणार होते, आमच्याही गाडीला जागा नव्हतीच. आणि उभ्या राहिलात तुम्ही. पोरं खेळायची तेव्हा दोनदा तुमच्याच खिडकीची काच फुटली होती, दुपारची झोपही तुमचीच मोडायची, त्यामुळे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं की तुम्ही पार्किंगच्या बाजूने बोलणार. तुम्ही पिशवीतनं बिल्डिंगच्या मंजूर नकाशाची कॉपी काढलीत, वॉर्ड ऑफिसला किती खेपा घालून आणलेली ते तुम्हालाच माहीत, टेबलावर पसरलीत आणि एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणालात, "ही आरजी आहे. मुलांची जागा आहे. आपण ती त्यांना न विचारता घेतली."

मला तोपर्यंत आरजी म्हणजे रिक्रिएशन ग्राउंड हेच माहीत नव्हतं. तुम्ही शाळेत शिकवायचात तसंच समजावलंत, की आपली बिल्डिंग मुंबईच्या १९९१ च्या बांधकाम नियमांतली, त्यात अडीच ते दहा हजार चौरस मीटरचा प्लॉट असेल तर २० टक्के जागा खेळायला, बसायला मोकळी सोडावीच लागायची, आणि डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानेही मुंबईच्याच एका केसमध्ये सांगितलंय की ही किमान जागा जमिनीवरच हवी, वर उघडं आकाश हवं, पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवरची, त्यात मोजायची नाही. सगळी मीटिंग गप्प. ठराव बारगळला.

पण मला जास्त कौतुक त्यानंतरचं आहे. तुम्ही कंप्लेंट करत बसला नाहीत, संध्याकाळी एकेकाच्या घरी गेलात, पुढच्या बाजूला कोणाची गाडी कशी तिरकी लावली तर बसेल ते खडूने आखून दाखवलंत, त्यात अडीच महिने गेले, एकाने तर तोंडावर दार लावलं तरी तुम्ही परत गेलात. गाड्या हलल्यावर कोणीतरी रबर मॅट आणि रंगीत प्लास्टिकच्या खेळण्यांचं कोटेशन आणलं, तर तुम्ही म्हणालात आधी पेव्हर उचला आणि लाल माती टाका, खेळ पोरं शोधतील. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. आता रोज बघते. घसरगुंडीवर पोरं दहा मिनिटांत कंटाळतात, पण मोकळ्या मातीत त्याच जागेत लगोरी होते, लंगडी होते, डबा ऐसपैस होतो, पावसात नुसतं पाणी अडवायचा बांध घालण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

माझा मुलगा पहिले काही महिने कच्चा लिंबू होता. आउट झाला तरी आउट नाही, पळायचं मात्र सगळ्यांबरोबर. मग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस धापा टाकत वर आला, गुडघा फुटलेला, नखांत माती, आणि ओरडला, "आई, आज माझ्यावर राज्य आलं, खरंखुरं!" एवढा खूश मी त्याला त्याच्या वाढदिवसालाही बघितला नव्हता. सातवीतल्या ताईने त्याचा गुडघा तुमच्या खिडकीत ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्याने धुतला होता, हळदही तुम्हीच दिलेली. वेगवेगळ्या वयाची पोरं एकमेकांना अशी सांभाळतात, हे त्याला मी घरात बसून कसं शिकवलं असतं?

आणि हो, तुम्ही खिडकीला स्वतःच्या पैशाने जाळी बसवलीत, कोणाकडून एक रुपया घेतला नाहीत, ते मला परवा वॉचमनकाकांकडून कळलं. थँक्यू काकू. मनापासून.

कालचा बॉल तुमच्या तुळशीच्या कुंडीमागे गेलाय म्हणे. राहू दे तिथेच, तो शाळेतनं आला की बेल वाजवेल.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची